ओरखडा पडल्यावर

रंगाचा शेवटचा हात सुकतो त्याच दिवसापासून त्याला ओरखडे पडायला लागतात. शिडी टेकते, साखळी घासते, बोल्ट आवळताना पाना निसटतो. त्या ओरखड्याच्या तळाशी उघडं लोखंड असतं आणि गंजरोधक रंग किती कामाचा हे तिथेच कळतं. गेली चाळीस वर्षं रसायनशास्त्रज्ञांचा एक गट सांगतो आहे की वीज वाहणारं पॉलिमर, मुख्यतः पॉलिॲनिलीन, रंगात घातलं तर ओरखड्यातलं लोखंडसुद्धा वाचू शकतं. दुसरा गट तितक्याच पुराव्यानिशी म्हणतो की तेच पॉलिमर त्या ओरखड्यातून लोखंड आणखी लवकर खाऊ शकतं. माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे. म्हणून हा विषय एकाच माणसाच्या तोंडून सांगावा असं मला वाटत नाही.

पुढचा संवाद रचलेला आहे. त्यातले मामा कोकण किनाऱ्यावरच्या जेट्ट्या, टाक्या आणि कारखान्यांचे सांगाडे यांच्यावरचं रंगकाम तपासण्यात हयात घालवलेले इन्स्पेक्टर आहेत. त्यांची भाची मुंबईत पॉलिॲनिलीनवर पीएच.डी. करते आहे. माणसं काल्पनिक, वाद खरा.

मामा : तुझ्या रंगाच्या वर्णनातला पहिलाच शब्द मला खटकतो. वीज वाहणारा! आम्ही जन्मभर नेमकं उलट मागत आलो. टाकीच्या आतल्या लायनिंगवर हॉलिडे डिटेक्टर फिरवतो तो कशासाठी? थरातून कुठे ठिणगी आरपार जाते का ते बघायला. ठिणगी पडली की तिथे खडूने गोल करायचा आणि पॅच मारायचा. आणि तू म्हणतेस, अख्खा थरच वीज वाहणारा हवा.

भाची : अख्खा थर नाही हो, फक्त प्रायमर. वर तुमचा एपॉक्सी, त्यावर पॉलियुरेथेन, सगळं नेहमीसारखं. आणि मामा, तुमचा लाडका झिंक रिच प्रायमर काय वीज अडवतो? सुकलेल्या थरात वजनाने निदान ८० टक्के जस्ताची पूड हवी असं आयएसओ १२९४४ सांगतं. ते कशासाठी? कणाला कण टेकला पाहिजे आणि शेवटचा कण लोखंडाला टेकला पाहिजे, तरच जस्ताचे इलेक्ट्रॉन लोखंडापर्यंत पोचतात. कण सुटे राहिले तर तो नुसता करडा रंग.

मामा : ते कबूल. पण जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला इलेक्ट्रॉन देतं. तुझं पॉलिमर काय देतं?

भाची : देत नाही, घेतं.

मामा : अगं, मग गंज वेगळं काय करतो? लोखंडाकडून इलेक्ट्रॉन काढून घेणं यालाच तर गंजणं म्हणतात.

भाची : थोडे थोडे काढले तर लोखंड विरघळत जातं, ते गंजणं. पण पृष्ठभागाचा विभव वर, पुरेसा वर खेचला, तर लोखंड स्वतःवर ऑक्साइडचा एक घट्ट पापुद्रा धरतं. काही नॅनोमीटर जाडीचा. मग विरघळणं जवळजवळ थांबतं. स्टेनलेस स्टील असंच टिकतं, क्रोमियमच्या जोरावर. पॉलिॲनिलीन हेच काम बाहेरून करतं. १९८५ मध्ये डेबेरी या संशोधकांनी स्टेनलेस स्टीलवर पॉलिॲनिलीनचा थर चढवून ते गंधकाम्लात ठेवलं. त्या आम्लात उघड्या स्टीलचा पापुद्रा टिकत नाही, विरघळून जातो. थर दिलेल्या स्टीलवर मात्र तो दीर्घकाळ टिकला. पापुद्रा कुठे फाटला की पॉलिमर तिथले इलेक्ट्रॉन ओढतं आणि पापुद्रा पुन्हा धरायला भाग पाडतं. नंतर हवेतला ऑक्सिजन पॉलिमरकडचे इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि पॉलिमर पुन्हा तयार.

मामा : हे डोळ्यांनी दिसतं, की तुमच्या आलेखातच?

भाची : पातळ थरात दिसतं. वीज वाहणारं रूप हिरवं असतं. इलेक्ट्रॉन घेतले की ते फिकट पिवळट पडतं, जवळजवळ बिनरंगी. पट्टीवर सुईने रेघ मारून मिठाच्या पाण्यात ठेवली तर रेघेच्या दोन्ही कडांनी हिरवेपणा उतरत जाताना दिसतो. आणि अल्कली लागली तर हिरव्याचं निळं होतं.

हा पदार्थ काही कालपरवाचा नाही. लंडनमध्ये हेन्री लेथबी यांनी १८६२ मध्येच ॲनिलीनच्या आम्लयुक्त द्रावणातून वीज सोडून इलेक्ट्रोडवर गडद निळसर-हिरवा थर बसलेला पाहिला होता. कापड रंगवणाऱ्यांना ‘ॲनिलीन ब्लॅक’ म्हणून त्याचा भाऊबंद ठाऊक होता. तो वीज वाहतो याकडे मात्र बराच काळ कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वाहकता एक कोटी पटीने वाढली. त्यानंतर सगळ्यांनी जुनी पॉलिमरं नव्याने उघडून पाहिली. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्या तिघांना मिळालं. पॉलिॲसिटिलीन हवेत टिकत नाही. पॉलिॲनिलीन टिकतं, स्वस्तही पडतं, आणि आम्ल लावून वाहक करता येतं, काढून अवाहक करता येतं. मॅकडायर्मिड यांनी पुढची बरीच वर्षं त्याच्यावर घालवली. रंगाच्या डब्यात जायला योग्य असं वाहक पॉलिमर म्हणून पॉलिॲनिलीनचं नाव पुढे आलं ते असं.

मामा : आता माझं ऐक. नवीन प्लेट गिरणीतून येते तेव्हा तिच्यावर निळसर काळा मिल स्केल असतो. दिसायला घट्ट, चकचकीत. नवशिका सुपरवायझर म्हणतो, साहेब, याच्यावरच मारू की प्रायमर, कशाला ब्लास्टिंग? मी एकदाही मारू दिला नाही. का, सांग.

भाची : कारण मिल स्केल वीज वाहतो आणि विभवाने तो लोखंडापेक्षा ‘वरचा’ असतो.

मामा : बरोबर. स्केलला कुठे बारीक चीर पडली की चिरेतलं लोखंड एकटं ॲनोड आणि आजूबाजूचा सगळा स्केल कॅथोड. हाताएवढ्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन मिळून सुईच्या टोकाएवढ्या जागेतून इलेक्ट्रॉन ओढणार. वरून प्लेट धडधाकट आणि आत खोल खड्डा. आता तुझं पॉलिमर बघ. वीज वाहतं, लोखंडापेक्षा वरचं आहे आणि सगळीकडे पसरलेलं आहे. ओरखड्यातल्या लोखंडावर तुझा तो पापुद्रा धरला तर ठीक. नाही धरला तर तू स्वतःच्या हाताने मिल स्केल रंगवते आहेस. आणि जेट्टीवर क्लोराइड असतं. क्लोराइड पापुद्रा धरू देत नाही, हे तुला मी सांगायला नको.

इथे मी मामांच्या बाजूने आहे. वाहक पॉलिमरांवर लिहिलेल्या अनेक कौतुकपर लेखांत हा धोका उल्लेखापुरताच येतो आणि तेही शेवटी शेवटी. गंजाच्या व्यवहारात ‘लहान ॲनोड, मोठा कॅथोड’ याच्याइतकी वाईट जोडी नाही. ज्या थराचं सगळं काम लोखंडाला वर खेचून धरण्यावर आहे, त्याचं वर खेचणं अर्धवट राहिलं तर तो काहीच न करणाऱ्या थरापेक्षा घातक ठरतो. भाचीने याचं उत्तर टाळलं असतं तर हा संवाद इथेच संपवावा लागला असता.

भाची : तुमचा आक्षेप माझ्या मार्गदर्शकांच्या टेबलावर रोज असतो, मामा. ड्युसेलडॉर्फला माक्स प्लांकची एक संस्था आहे, पूर्वी ती लोहसंशोधन संस्था म्हणून ओळखली जायची. तिथे मिखाएल रोहवेर्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केल्विन प्रोब वापरून रंगाच्या थराखाली काय चाललंय ते थराला हात न लावता मोजलं. त्यांना जे सापडलं ते तुमच्या मिल स्केलपेक्षाही वाईट आहे.

मामा : म्हणजे?

भाची : पॉलिमरने इलेक्ट्रॉन घेतला की विद्युतभाराचा हिशेब जुळवावा लागतो. दोन वाटा असतात. पॉलिमरमध्ये आधीपासून बसवलेला ऋण आयन, ज्याला आम्ही डोपंट म्हणतो, तो बाहेर पडेल. किंवा बाहेरचा धन आयन, म्हणजे मिठातला सोडियम, आत शिरेल. डोपंट मोठा आणि अडकून बसलेला असेल तर सोडियमच आत येतो. पॉलिमरचं जाळं सलग असेल तर ओरखड्यापासून आतपर्यंत त्याला मोकळा रस्ता मिळतो. असा रंग साध्या रंगापेक्षा कितीतरी झपाट्याने सुटतो. ओरखडा इथे आणि पोपडा पार तिथपर्यंत.

मामा : मग तूच तुझ्या रंगाविरुद्ध साक्ष दिलीस की.

भाची : सलग जाळ्याविरुद्ध आणि चुकीच्या डोपंटविरुद्ध दिली. त्याच मोजणीतून दुसरी वाटही निघाली. पॉलिमर सुट्या बेटांसारखं विखरून ठेवा, एक बेट दुसऱ्याला लागू देऊ नका. आणि डोपंट असा घ्या की जो सुटल्यावर ओरखड्यात जाऊन काम करेल. फॉस्फेट घ्या, फॉस्फोनेट घ्या. लोखंड विरघळायला लागलं की ओरखड्याजवळचा विभव खाली पडतो, पॉलिमर इलेक्ट्रॉन घेतं, फॉस्फेट सुटतं आणि उघड्या लोखंडावर आयर्न फॉस्फेट बसतं. पत्र्याला फॉस्फेटिंग करतात त्याचंच छोटं रूप, पण फक्त जखमेपुरतं. गंज सुरू झाला तरच औषध सुटतं, एरवी डबा बंद. कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्थेत फॉस्फेटवाल्या पॉलिॲनिलीनचे रंग स्टीलवर तपासले गेले आहेत. अमेरिकेत २००३ मध्ये केंडिग आणि सहकाऱ्यांनी हीच कल्पना विमानाच्या ॲल्युमिनियमवर लावून पाहिली.

मामा : आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने हिरवं केलेलं पॉलिॲनिलीन कुणी स्टीलवर लावलं तर?

भाची : तर डब्यात क्लोराइड भरून ठेवल्यासारखं. जखम झाली की तेच सुटणार. प्रयोगशाळेत ते बनवायला सगळ्यात सोपं असतं, हीच पंचाईत. कित्येक वाईट निकाल तिथून आलेले आहेत असं मला वाटतं.

मामा : हे तू नीट सांगितलंस. आता दुसरं. तुझ्या त्या बेटांत औषध किती? पाण्याची टाकी कितीही चांगली असली तरी मावेल तेवढंच पाणी.

भाची : ढोबळ हिशेब केलाय मी. एक चौरस मीटरवर ५० मायक्रॉनचा प्रायमर आणि त्यात वजनाने १ टक्का पॉलिॲनिलीन धरा. म्हणजे अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडं जास्त पॉलिमर. ते एका दमात जेवढे इलेक्ट्रॉन घेऊ शकतं तेवढ्यात फार तर ०.१ ग्रॅम लोखंडाचा हिशेब बसतो.

मामा : आणि जस्त?

भाची : तुमच्या ६० मायक्रॉनच्या झिंक रिच थरात दर चौरस मीटरला शंभर ग्रॅमहून जास्त जस्त असतं. विद्युतभाराच्या हिशेबात माझ्या थराच्या हजारपट साठा.

मामा : हजारपट! मग बोलणंच खुंटलं.

भाची : नाही खुंटलं. जस्त एकदा गेलं की गेलं. माझं पॉलिमर ऑक्सिजन मिळाला की पुन्हा भरतं. पण सुटलेला डोपंट काही परत येत नाही, त्यामुळे औषधाचा साठा मर्यादितच, हे खरं. आणि ते पुन्हा भरणंही तुमच्या मिल स्केलच्या धोक्यासकट येतं, तेही खरं. म्हणून मी जस्ताशी कुस्ती खेळत नाही. पुलाच्या गर्डरवर, टॉवरवर, ब्लास्टिंग करता येईल अशा उघड्या स्टीलवर जस्तच मारा. तिथे माझं काही काम नाही.

हे वाक्य मला या वादातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. नव्या पदार्थाची बाजू घेणारे सहसा असं बोलत नाहीत. नव्वदच्या दशकात जर्मनीत बर्नहार्ड वेसलिंग यांनी पॉलिॲनिलीनच्या थराखाली लोखंडाचा विभव शेकडो मिलिव्होल्टनी वर जातो आणि ऑक्साइडचा स्पष्ट थर तयार होतो हे दाखवलं, त्यांच्या कंपनीने गंजरोधक प्रायमर बाजारातही आणला. त्या काळातल्या लिखाणात पॉलिॲनिलीन आता सगळीकडे जाणार असा सूर होता. तो रंग जहाजं आणि पुलांवर पसरला नाही. त्याच कंपनीचा पदार्थ टिकला तो छापील सर्किट बोर्डाच्या तांब्यावर कथलाचा पातळ थर चढवण्याच्या कामात. जिथे खरी अडचण होती तिथे त्याला जागा मिळाली.

मामा : मग तुझं काम कुठे आहे, ते सांग.

भाची : जिथे जस्त जाऊ शकत नाही तिथे. तुम्ही लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीत कामं केलीत. आम्लात लोखंड धुतात त्या पिकलिंग शेडमध्ये झिंक प्रायमर वापरला होता का कधी?

मामा : वेड लागलंय का? आम्लाच्या वाफेत जस्त पांढरं पडून विरघळतं. कडक अल्कलीतही तेच. तिथे आम्ही जस्ताशिवायचा जाड एपॉक्सी देतो. आणि त्याला ओरखडा पडला की आतून खात जातं, काही सांगता सोय नाही. दर शटडाऊनला पॅच.

भाची : तिथे. पॉलिॲनिलीनला आम्ल हवंच असतं, आम्लात ते हिरवं आणि वाहक राहतं. नासाच्या केनेडी अवकाश केंद्रावर हीच अडचण होती. शटलच्या घन इंधनाच्या बूस्टरांतून निघणाऱ्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि वर समुद्राचा खारा वारा. प्रक्षेपण मंचाच्या स्टीलवर जस्त लवकर संपायचं. म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेने नासासाठी पॉलिॲनिलीनच्या थरांवर काम केलं.

मामा : आणि समुद्रात? समुद्राचं पाणी काही आम्ल नाही.

भाची : समुद्राचं पीएच ८.१ च्या आसपास. पॉलिॲनिलीनचं आम्ल साधारण ४ च्या वर सुटायला लागतं. म्हणजे जेट्टीच्या खांबावर माझा हिरवा थर उघडा पडला तर निळा होणार आणि वीज वाहणं जवळजवळ बंद. निळं रूपही स्टीलला काही प्रमाणात वाचवतं असे निकाल आहेत. पण ते पापुद्रा धरून वाचवतं की नुसता चांगला चिकटणारा अडसर होऊन, यावर अजून वाद आहे. जेट्टीसाठी मी शपथ घेणार नाही.

मामा : हे सांगितलंस म्हणून तुझ्याशी पुढे बोलतोय.

भाची : आणि दुसरी जागा तांबं आणि ॲल्युमिनियम. तिथे झिंक रिचचा प्रश्नच येत नाही. जळगावच्या विद्यापीठात, म्हणजे आताच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, भौतिकशास्त्राच्या विभागाने पॉलिॲनिलीनच्या भावंडांचे थर तांब्यावर चढवले, तेही पाण्यातल्या सोडियम सॅलिसिलेटच्या द्रावणातून. विजेने थर चढवताना नेहमीची अडचण अशी असते की पॉलिमर धरायच्या आधी धातूच विरघळून द्रावणात उतरतो. सॅलिसिलेट आधी धातूवर पातळ अडसर धरतं आणि मग पॉलिमर त्याच्यावर वाढतं. विषारी द्रावकही लागत नाही.

मामा : विषारी म्हणालीस म्हणून विचारतो. ॲनिलीन स्वतः काय कमी विषारी आहे? रसायनीला हिंदुस्तान ऑरगॅनिकमध्ये ॲनिलीन बनायचं, तिथे कामाला असलेली माणसं मला माहीत आहेत. नखं आणि ओठ निळे पडण्याची भीती काय असते ते त्यांना विचार.

भाची : ॲनिलीन विषारी आहेच, त्यात दुमत नाही. पॉलिमर झाल्यावर ते ॲनिलीन राहत नाही, पण उरलेलं ॲनिलीन धुऊन काढलंच पाहिजे आणि ते धुतलेलं पाणी नदीत सोडता येत नाही. हा खर्च धरूनच बोलायला हवं. पण आता तुम्ही मला सांगा, तुम्ही पिवळ्या प्रायमरवर किती वर्षं काम केलंत?

मामा : झिंक क्रोमेट? पूर्वी सर्रास.

भाची : आणि जुना रंग काढायला?

मामा : ग्राइंडर. पोरं तोंडाला फडकं बांधून उभी राहायची. पिवळी भुकटी पापण्यांवर बसायची, घामाबरोबर ओघळायची. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

इथे संवादाचा सूर बदलतो आणि बदलायलाच हवा. त्या पिवळ्या भुकटीतलं षट्संयुजी क्रोमियम माणसात फुप्फुसाचा कर्करोग घडवतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत ते पहिल्या गटात आहे, म्हणजे शंकेला जागा नाही. आणि तरीही रंगाच्या धंद्याने ते इतकी वर्षं सोडलं नाही, कारण ओरखड्यापाशी त्याच्यासारखं काम दुसरं कुणी करत नाही. क्रोमेट थोडंसं पाण्यात विरघळतं, ओरखड्यात उतरतं, उघड्या धातूवर स्वतः क्षपित होऊन तीन संयुजेच्या क्रोमियमचा न विरघळणारा थर धरतं. लोखंडावर चालतं, जस्तावर चालतं, चार टक्क्यांच्या आसपास तांबं असलेल्या विमानाच्या ॲल्युमिनियमवर तर फारच चालतं. युरोपीय संघात क्रोमियम ट्रायऑक्साइड सप्टेंबर २०१७ पासून आणि स्ट्रॉन्शियम क्रोमेट जानेवारी २०१९ पासून खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. विमानउद्योग त्यानंतरही परवानग्या घेत राहिला. पर्यायाचा प्रश्न किती अवघड आहे हे त्यावरून कळावं.

भाची : मी या विषयात पडले ती यासाठी. जखमेवर स्वतः जाऊन काम करणारं, पण ग्राइंडर धरणाऱ्याच्या छातीत न जाणारं काहीतरी हवं आहे. पॉलिॲनिलीन हेच ते उत्तर असेल असं मी म्हणत नाही. पण विभव पडला की औषध सोडायचं ही युक्ती त्याच्याकडे आहे आणि ती सोडून द्यावी इतकी क्षुल्लक नाही.

मामा : तुझा हेतू चांगला आहे. आता मी पैशाचं बोलतो. २०१६ च्या त्या जागतिक पाहणीत गंजाचा वर्षाचा खर्च अडीच लाख कोटी डॉलर धरला होता, बरोबर?

भाची : हो. जगाच्या एकूण उत्पन्नाच्या ३.४ टक्के.

मामा : त्याच पाहणीत असंही होतं की आज जे माहीत आहे तेवढंच नीट वापरलं तरी १५ ते ३५ टक्के वाचतील. नवीन शोध न लावता! माझा सगळा अनुभव हेच सांगतो. रंग वाईट होता म्हणून फेल गेलेलं काम मी फार थोडं पाहिलं. फेल गेली ती तयारी. ब्लास्टिंग सांगितलं एसए अडीच दर्जाचं आणि केलं ब्रश फिरवून. प्लेटवरचं मीठ धुतलंच नाही. जूनमध्ये सकाळी स्टीलचं तापमान दवबिंदूच्या वर तीन अंशही नाही आणि तरी बिल काढायचं म्हणून स्प्रे सुरू. स्ट्राइप कोट खाऊन टाकला, म्हणजे वेल्ड, कडा, बोल्टांची डोकी ब्रशने आधी रंगवायची ती रंगवलीच नाहीत. कडेवर रंग आपोआप पातळ होतो, म्हणून पहिला गंज कायम कडेवर. जाडी मोजायचा एल्कोमीटर मात्र सपाट भागावर टेकवायचा आणि २५० मायक्रॉन लिहून मोकळं व्हायचं. आता या माणसांच्या हातात ‘स्वतः जखम भरणारा’ रंग दिला तर काय होईल? म्हणतील, भरतो ना तो स्वतः, मग कशाला ब्लास्टिंग!

भाची : ते म्हणतील. तो दोष रंगाचा नाही.

मामा : पण भोगतं लोखंड. मांडवीवरचा पणजीचा पूल १९७० ला झाला आणि १९८६ च्या जुलैत नदीत गेला. आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. त्या बाहेरून थोड्याच दिसतात? जिथे बघत नाही, पोचत नाही, धुत नाही, तिथे गंज जिंकतो. सरकारकडे शंभर रुपये असतील तर मी नव्वद तपासणीला आणि तयारीला देईन.

भाची : आणि उरलेले दहा?

मामा : तुला. पण अटी माझ्या.

भाची : बोला.

मामा : सॉल्ट स्प्रेचे तास मला दाखवायचे नाहीत. ३५ अंशांवर पाच टक्के मिठाचं धुकं सलग सोडता, त्यात सुकणं नाही, ऊन नाही, पाऊस नाही. खरं लोखंड भिजतं आणि सुकतं, सुकताना मीठ घट्ट होत जातं, तेव्हाच खरा मार बसतो. चाचणीची पॅनेल दोन जागी लावायची. एक भरतीचे फवारे उडतात तिथे जेट्टीवर, एक पिकलिंग शेडच्या छताखाली. निम्मी पॅनेल एसए अडीच, निम्मी वायर ब्रशने साफ केलेली, कारण खरी कामं तशीच होतात. प्रत्येक पॅनेलवर एक वेल्ड आणि एक नट-बोल्ट. सपाट चकचकीत पट्ट्या नकोत.

भाची : आणि ओरखडा?

मामा : तू लॅबमध्ये केवढा मारतेस?

भाची : अर्धा मिलिमीटर रुंद.

मामा : साखळी घासली की दोन-तीन मिलिमीटर जातं. दोनचा मार.

भाची : दोन्ही मारणार. ओरखडा रुंद झाला की उघडं लोखंड वाढतं आणि माझ्याकडचं औषध तेवढंच राहतं. अर्ध्यावर टिकतो आणि दोनवर हरतो असं निघालं तर ती मर्यादा नेमकी कुठे आहे हाच माझा निकाल. आणि मामा, माझीही एक अट. प्रत्येक जागी शेजारी एक पॅनेल स्ट्रॉन्शियम क्रोमेटचं. मला जस्ताशी तुलना नको, ज्याची जागा भरायची आहे त्याच्याशी हवी.

मामा : क्रोमेट मी माझ्या जेट्टीवर आता येऊ देत नाही.

भाची : स्प्रे, ओरखडा, सगळं लॅबच्या हुडखाली करून आणीन. कडा बंद करून.

मामा : आणि काढल्यावर?

भाची : पिशवीत घालून परत लॅबमध्ये. त्याला कुणी घासणार नाही. त्याच्यावर ग्राइंडर चालणार नाही.

मामा : लिहून दे. पॅनेलच्या मागे लाल अक्षरात मराठीत लिही, इंग्रजीत नको. साफसफाई करणाऱ्या पोराला वाचता आलं पाहिजे. आणि पिकलिंग शेडच्या पॅनेलमध्ये तुझं ते क्लोराइडवालं हिरवंही एक लाव.

भाची : ते हरणार हे ठाऊक असताना?

मामा : हरताना कसं हरतं ते मला बघायचंय. मेच्या अखेरीच्या आत सगळी टांगलेली हवीत. पहिला पाऊस चुकला तर वर्ष फुकट.